देवळीची पाटी

तुमच्या गावानं अलीकडं नवं काय आणलं, आणि ते कुणाचं बघून आणलं, सांगता येईल तुम्हाला? शाळेपुढची कमान असेल, चौकातले कॅमेरे असतील, गणपतीपुढचा डीजे असेल. ‘गरज होती म्हणून आणलं’ असं मात्र सांगू नका. आधी शेजाऱ्याच्या दारात डोकावायचं, मग घरी येऊन गरज शोधायची, हीच आपली रीत.

देशही तेच करतात, फक्त त्यांच्या खरेदीत तोफा असतात. हे तोताराम नाना सांगायचे. आता सांगत नाहीत. सांगून सांगून माणूस थकतो, आणि नाना तर गुडघ्यांनीही थकलेत.

तोताराम नाना आमच्या आंबखेडीचे. जळगावजवळच्या असोद्याच्या पुढं फाट्यावर उतरलं की केळीच्या बागांमधून आत जाणारा रस्ता, त्याच्या टोकाला आंबखेडी. नाना पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पोरंसोरं त्यांना विचारतात, ‘नाना, किती माणसं मारली?’ नाना खरं सांगतात: एकही नाही. नाना पलटणीच्या बँडमध्ये होते. काखेत कातडी पिशवी दाबायची, गाल फुगवायचे आणि बॅगपाइप वाजवायचा. सगळी नोकरी त्यांनी स्कॉटलंडच्या डोंगरातल्या धुना वाजवण्यात काढली. घरात ज्वारीची भाकरी आणि भरीत खाणारा माणूस, त्याला स्कॉटलंड नकाशावर दाखवता येत नव्हतं.

एकदा शांतिसेनेबरोबर ते आफ्रिकेतल्या एका देशात गेले होते. अंगाची काहिली होणारं ऊन, आणि तिथल्या शिपायांच्या डोक्यावर जाड लोकरीच्या टोप्या. नानांनी त्यांच्या एका हवालदाराला खुणेनं विचारलं, ही रे कशाला? तो दात काढून हसला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, गोरे गेले, टोपी राहिली. मग त्यानं नानांच्या काखेतल्या बॅगपाइपकडं बोट दाखवलं आणि भुवया उडवल्या. त्या दिवसापासून प्रत्येक परेडमध्ये नानांचं लक्ष सैनिकांच्या पायांकडं कमी आणि डोक्याकडं जास्त असायचं. ही टोपी कुणाची? ही सलामी कुणाची? हे पाय आपटणं कुठून आलं?

आता देवळीकडं वळू.

देवळी म्हणजे नाल्यापलीकडचं गाव. दोन वर्षांपूर्वी तिथं विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जायला लागल्या. केबलीत तांबं असतं. वरचं प्लास्टिक जाळायचं, तांबं भंगारात घालायचं. केबल गेली की मोटार बंद, आणि ऐन उन्हाळ्यात मोटार बंद पडली की केळी माना टाकते. देवळीच्या रुपचंद आबांनी मग गावातले गडी जमवून राखणदल उभं केलं. खाकी गणवेश, लाल दोरीच्या शिट्ट्या, मोठ्या बॅटऱ्या. मारुतीच्या पारावर पाटी लागली: गस्त गुरुवार ते रविवार. देवळीच्या चोऱ्या थांबल्या, पेपरात फोटो आला. फोटोत रुपचंद आबा मधोमध, हाताची घडी घालून.

तो फोटो बघितला आणि आंबखेडीला उघडं वाटायला लागलं.

आंबखेडीचा सरपंच हितेंद्र. जळगावात शिकून आलेला, मोटारसायकलवरून उतरतानाही फोनवर बोलणारा. त्यानं ग्रामसभा घेतली. नानांना पुढं बसवलं.

‘नाना, तुम्ही मिल्ट्रीवाले. तुमच्याशिवाय हे होणार नाही.’

‘आपल्याकडं चोरी झाली का?’ नानांनी विचारलं.

‘झाली नाही. पण होईल ना! देवळीनं बंदोबस्त केला म्हटल्यावर चोर जाईल कुठं? आपल्याकडंच येईल.’

हे मात्र खरं होतं, आणि इथंच सगळी मेख असते. शेजाऱ्यानं कुंपण उंच केलं की तुमचं कुंपण बसल्या जागी ठेंगणं होतं. तुम्ही काही केलेलं नसतं, तरी तुम्ही कमी पडलेले असता. देशादेशांतही पहिली उडी याच भीतीपोटी असते. दुसरी उडी हौसेपोटी. जपाननं आधी फ्रेंचांना मास्तर म्हणून बोलावलं, कवायत शिकले. पुढं फ्रेंच जर्मनांकडून हरले, तर जपाननं काही वर्षांत मास्तरच बदलला आणि जर्मनांची शिकवणी लावली. आपल्याकडं लांब कशाला जायला हवं? फिरंग्यांच्या कवायती पलटणी बघून मराठ्यांनीही गारदी ठेवले, तोफा ओढत नेल्या. जो जिंकतो त्याची सगळी चीजवस्तू शहाणी दिसायला लागते. त्याच्या तोफेबरोबर त्याची मिशीसुद्धा.

नानांनी त्या सभेत आफ्रिकेतली लोकरीची टोपी सांगितली. लोक पोट धरून हसले. जीवराम नावाचा तिशीतला बागाईतदार, त्याची जीभ गावात सगळ्यांत धारदार. तो म्हणाला, ‘नाना, आपल्याले लोकरीची नको, सुती सांगू!’

अजून हशा. मग हितेंद्रनं ठराव वाचला आणि हात वर झाले. दलप्रमुख म्हणून नानांचं नाव आलं. नाना ‘नको’ म्हणायला उठले होते. पण इतकी वर्षं घरी बसून काढलेला माणूस. पुन्हा खाकी, पुन्हा कुणीतरी ‘साहेब’ म्हणणार. ते खाली बसले.

गणवेश आणायला ते जळगावात गेले तर दुकानदारानं न विचारता तेच कापड काढलं. ‘देवळीवाल्यांनी हेच नेलं,’ तो म्हणाला. पाटी रंगवणाऱ्या पेंटरला हितेंद्रनं देवळीच्या पाटीचा फोटो पाठवला आणि खालची माणसांची नावं तेवढी बदलायला सांगितली. पेंटर इमानदार माणूस. त्यानं फोटोबरहुकूम पाटी रंगवली, वर ठळक अक्षरात ‘ग्राम देवळी’ सकट. मग त्यावर पांढरा हात मारून आंबखेडी लिहिलं. अजूनही ऊन तिरपं पडलं की खालून देवळी दिसते.

एक काम मात्र फोटोत नव्हतं, ते आंबखेडीनं स्वतःच्या डोक्यानं केलं. चिंधाला काढलं.

चिंधा गावाचा जागल्या. मूळचा धुळ्याकडचा, साक्रीच्या पलीकडचा. बापाच्या वेळेपासून इथल्या भिल्लाटीत, म्हणजे भिल्लांच्या वस्तीत, राहणारा. एक काठी, एक कांबळं, आणि सुगीला घरटी मिळणारं धान्य, एवढ्यावर तो शिवाराची राखण करायचा. त्याच्यावर आरोप एकच होता: हा आठवड्यातले अर्धे दिवस झोपतो. आणि तो खरा होता. अनेकांनी बघितलं होतं. बांधावर कांबळं अंगावर ओढून खुशाल घोरत पडलेला. ‘देवळीचे गडी कसे टाइट उभे असतात,’ हितेंद्र म्हणाला, ‘आणि आपला हा!’

नानांनी मान हलवली. दलप्रमुखाची पहिली सही चिंधाच्या सुट्टीवर झाली.

दल सुरू झालं आणि गाव खूश झालं. हे खोटं नाही. गुरुवार ते रविवार लोक वावरात पाणी भरत असताना दुरून शिट्टी ऐकू यायची, बॅटरीचा झोत फिरायचा. माणसाला बरं वाटायचं. ‘राखण म्हणजे अशी!’ जीवराम म्हणायचा. नानांची बायको बेबाबाई तेवढी कुरकुरायची. ‘गुडघ्याले तेल मी चोळायचं, आन् सलाम गावानं ठोकायचा!’

मग चोऱ्या सुरू झाल्या.

पहिली जीवरामच्या विहिरीवर. सकाळी गेला तर मोटारीची केबल कापून नेलेली. पुढं लताबाईची. नवऱ्यामागं एकटीनं बाग सांभाळणारी बाई. तिची केबल गेली, स्टार्टरची पेटीही गेली. आणि तिसरी, हसू नका, खुद्द नानांच्या विहिरीवर. त्या दिवशी सकाळी बेबाबाईनं चहाचा कप नानांपुढं आपटला. ‘घ्या हवालदार. चोरानं सलामी देल्ही.’

गावानं काय करावं? तुम्हीच सांगा, तुमच्या गावानं काय केलं असतं? ‘हे आपल्याला जमत नाही’ असं कुणी म्हटलं नाही. ‘आपण देवळीची नक्कल अजून पुरी केली नाही,’ असं म्हणाले. देवळीकडं सायरन आहे, आपल्याकडं नाही. देवळीवाले ड्रोनचं बघताहेत म्हणे. टीव्हीवर कुठल्याशा लढाईत ड्रोननं रणगाडा उडवलेला दाखवत होते, तर आंबखेडीच्या पारावर ड्रोनची चर्चा सुरू. केबलचोराला वरून बघायचं! नाना ऐकत बसले. त्यांनी टीव्हीवर हेही बघितलं होतं की त्या लढाईपासून झाडून सगळे देश तेच यंत्र मागताहेत. डोंगरवाले, वाळवंटवाले, ज्यांना कुणी शत्रूच नाही तेही. विकणारा एकच गोष्ट सांगतो: शेजाऱ्यानं नेलंय.

आणि मग, व्हायचं तेच झालं. बोट भिल्लाटीकडं वळलं.

‘चिंध्याले काढलं, आन् चोऱ्या लागल्या,’ जीवराम म्हणाला. ‘बांधन् बांध त्याच्या पायाखालचा. अजून कोण?’

हितेंद्रनं ठरवलं, शनिवारच्या ग्रामसभेत ठराव करायचा आणि चिंधाचं नाव पोलिसात द्यायचं. नुसतं ‘संशय’ म्हणून. भिल्लाटीतल्या माणसाचं नाव नुसतं संशय म्हणून देण्याचा अर्थ काय होतो, हे तुम्हाला कळत नसेल तर तुम्ही नशीबवान आहात. त्याला नेतात. सोडतात तेव्हा तो चालत येतोच असं नाही. आणि पुढं जिल्ह्यात कुठंही तार तुटली तरी त्याचंच दार वाजतं. ज्या भिल्लांना इंग्रजांनी धरणगावला पलटणीत घेऊन ह्याच मुलखाची राखण सोपवली, त्यांच्या नातवंडांना आम्ही काय सोपवतो? संशय.

नानांना त्या ठरावावर दलप्रमुख म्हणून बोलायचं होतं. शुक्रवारी दुपारी ते भिल्लाटीत गेले. का गेले, त्यांनाही नीट सांगता येणार नाही. बहुतेक त्यांना चिंधाच्या तोंडाकडं एकदा बघायचं होतं.

चिंधा दारात बाज विणत बसला होता. त्याला सगळं कळलं होतं. भिंतीशी एक गाठोडं बांधून ठेवलेलं.

‘या नाना. धराले उनात का?’ पकडायला आलात का, असं तो विचारत होता.

‘नाही रे. बसायला आलो.’ नाना दगडावर टेकले. गुडघे वाजले. मग नानांनी उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, ‘चिंधा, खरं सांग. तू झोपायचास का नाही?’

‘झोपू ना. कसाले खोटं बोलू?’

‘राखणीवर असून?’

चिंधानं बाजेची दोरी दातात धरून ओढली. ‘नाना, रातनी लाइट ऱ्हास तवय बठ्ठं गाव वावरमा ऱ्हास. बठ्ठा जागा, मंग मी कसाले जागू? कोन्हं चोरी करी तठे? दिननी लाइट ऱ्हास तवय बठ्ठा घर झोपतस. तवय मी फिरू.’

म्हणजे, रात्रीची लाइट असते तेव्हा सगळं गाव शेतात जागं असतं, मग मी कशाला जागू? लाइट दिवसाची असते, सगळे रात्री घरी झोपतात, तेव्हा मी फिरायचो.

एवढंच. त्यात काही मोठं ज्ञान नव्हतं. झोप आवडणाऱ्या माणसानं काढलेली सोय होती. पण नानांनी त्याला ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

ज्यांनी शेती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतीपंपाची लाइट चोवीस तास नसते. आठवड्यात काही दिवस ती दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्री आली की केळीवाला रात्री शेतात जातो. मोटार आपोआप चालू होईल, पण पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवायला माणूस लागतोच. आणि एका लाइनवर रात्रीचे दिवस असतात तेव्हा दुसऱ्या लाइनवर दिवसाचे. देवळीची लाइन वेगळी, आंबखेडीची वेगळी. देवळीला सोमवार ते बुधवार रात्रीची लाइट. तेव्हा त्यांचं शिवार माणसांनी भरलेलं. गुरुवारपासून ते रिकामं पडतं, म्हणून त्यांची गस्त गुरुवार ते रविवार. रुपचंद आबांनी विचार करून केलेलं काम होतं. आंबखेडीचं सगळं बरोब्बर उलटं. गुरुवार ते रविवार गाव वावरात, आणि त्याच वारी गावाचं दलही वावरात. सोमवारी गाव झोपलेलं, दल झोपलेलं, आणि चिंधाला तर आपणच घरी पाठवलेलं.

नानांची शेती मुलगा भूपेंद्र बघायचा. लाइट कधी येते हे नानांना कधी विचारावं लागलं नव्हतं. आणि गावाला? गावाला दल दिसत होतं ना! लोक स्वतः जागे असायचे त्याच वेळी शिट्टी वाजायची. जे रोज दिसतं त्याच्यावर कोण शंका घेणार? परेड बघणाऱ्याला आपलं सैन्य नेहमी बळकटच वाटतं.

शनिवारी सकाळी सभा भरली. हितेंद्रनं ठराव वाचायला घेतला. नाना उभे राहिले. अंगावर गणवेश होता.

‘हितेंद्र, चिंधाच्या आधी माझं नाव लिही.’

‘काय हो नाना,’ जीवराम बसल्या जागेवरून ओरडला, ‘सोताचीच केबल सोता नेली काय?’

हशा झाला. नाना थांबले. हशा विझू दिला.

‘मला एक सांगा. सोमवारी रात्री इथलं कोण कोण वावरात असतं? हात वर करा.’

एकही हात वर झाला नाही.

‘गुरुवारी?’

जवळजवळ सगळे हात वर. हितेंद्रच्या काकांचासुद्धा.

‘आणि आपली शिट्टी कधी वाजते?’

बायकांच्या बाजूनं बेबाबाईचा आवाज आला. ‘गुरुवारी. मले चांगलं माहीत शे. त्या दिवशी हे घरी नसतात, मी निवांत झोपते.’

या वेळी हसले ते अर्धेच. उरलेले बोटांवर वार मोजत होते. लताबाई हळूच म्हणाली, ‘माझी केबल मंगळवारी गेली.’ जीवराम आपल्या चपलेकडं बघत राहिला. त्याची सोमवारी गेली होती.

‘पण देवळीत तर ह्याच वारांना...’ हितेंद्र म्हणाला.

‘देवळीची लाइट आपली नाही, भाऊ. आपण त्यांची पाटी आणली, त्यांची लाइट कशी आणणार? आणि हे मी बघायला हवं होतं. मला टोपी दिसली, तेवढी मी घातली.’

हितेंद्रला सावरायला वेळ लागला नाही, पुढारी माणूस. ‘ठीक आहे, वार बदलून घेऊ. पण चिंधाची चौकशी व्हायला काय हरकत आहे? निर्दोष असेल तर सुटेल.’

नानांनी टोपी काढली आणि टेबलावर ठरावाच्या कागदावर ठेवली. आवाज चढवला नाही. चढवायला ताकदच उरली नव्हती. ‘चिंधाचं नाव गेलं तर त्याच्या नावाच्या वर माझं नाव असेल. ज्यानं शिवार उघडं ठेवलं त्याला आधी विचारा. लिही.’

हितेंद्रनं लिहिलं नाही. नाव गेलं नाही. वार बदलले, पेंटर पुन्हा आला, पाटीवर सोमवार ते बुधवार झालं. चोऱ्या थांबल्या.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण चिंधा परत जागल्या झाला नाही. कुणी बोलवायला गेलंच नाही. नाना गेले, तेव्हा दाराला कडी होती. तो गाठोडं घेऊन नाला ओलांडून गेला होता. देवळीत रुपचंद आबांकडं वर्षाच्या बोलीवर सालदार म्हणून लागला.

आणि आता देवळीचं ऐका. आंबखेडीच्या चोऱ्या एकदम बंद झाल्या, ही बातमी नाल्यापलीकडं गेली. आंबखेडीनं काय केलं? वार बदलले. मग देवळीनंही बदलले. सोमवार ते बुधवार! जे त्यांनी स्वतःच्या डोक्यानं नीट केलं होतं, ते आमचं बघून मोडलं.

नाना गुडघे चोळत देवळीला जाऊन आले. रुपचंद आबांनी चहा पाजला, आदरानं बसवलं. ‘नाना, तुमची चोरी थांबली ना? मग! मिल्ट्रीच्या माणसानं लावलेले वार आहेत, आम्ही उगाच हात लावत नाही.’ नानांनी लाइट समजावून सांगितली. आबांनी मान डोलावली आणि भूपेंद्रच्या लग्नाचं विचारलं. मागं गोठ्यात चिंधा वैरण टाकत होता. त्यानं नानांकडं बघून हात वर केला.

देवळीत अजून चोरी झालेली नाही. होईल. आणि ज्या सकाळी होईल त्या सकाळी बोट कुणाकडं जाईल, हे मी सांगायला नको. आंबखेडीतून हाकललेला, बांधन् बांध पायाखालचा, नुकताच आलेला. त्या सभेत टोपी काढून ठेवायला नाना नसतील.

म्हणून एक मागणं आहे. देवळीत तुमचं कुणी असेल, लेक दिली असेल, मामा असेल, नुसती ओळख असेल, तर हे वाचून खाली ठेवायच्या आधी त्यांना फोन करा. म्हणा, पारावरच्या पाटीपाशी उभे राहा आणि एकमेकांना विचारा, सोमवारी रात्री आपण कुठं असतो? बाकी काही म्हणू नका. एवढा एक फोन करा.